थांबवायचं काम

अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस मरत नाही. तो मरतो आपल्या हातानं बाहेर पडायला जातो तेव्हा. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी हे ऐकवते आणि प्रत्येक जण माझ्याकडे असा बघतो, की बाई जरा रंगवून सांगतायत. रंगवायचंय काय त्यात! आत हवा येते, दोर एक सोडून चार असतात, ब्रेक असतो. मांडी घालून बसून राहिलात तर केसालाही धक्का लागत नाही. पण बसवत नाही ना माणसाला. दार हातानं सरकतंय, फट दिसतेय, पलीकडे उजेड दिसतोय, मग तो डोकं घालतोच. अर्धा माणूस आत, अर्धा बाहेर, अशा वेळी लिफ्ट हलली तर पुढचं मी सांगत नाही.

म्हणून आमचं काम एकच. लिफ्टमधलं घंटीचं बटण दाबलं की आवाज आमच्या खोलीत येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला आतच ठेवायचं. दुरुस्ती तो करतो, आम्ही नुसतं थांबवतो. घरी आमचे हे म्हणतात, "तू 'थांबा' म्हणालीस की माणूसच काय, उतू चाललेलं दूधसुद्धा खाली बसेल." थट्टा करतात, पण अगदीच खोटं नाही. मराठीत माझं अडत नाही. म्हाताऱ्यांना 'थांबा हं काका', पोरीबाळींना 'थांब गं राणी', आणि कुणी आरडाओरडा करत अंगावरच आला तर नुसतं 'थांबा!' दटावणं, गोंजारणं, काय हवं ते आवाजात घालता येतं.

इंग्रजीचं तसं नाही. आमच्या शहरात बाहेरून येऊन राहणारी माणसं वाढली, तसे इंग्रजीतले फोन वाढले, आणि साहेबांनी भिंतीवर फर्मान चिकटवलं की अशा वेळी 'प्लीज होल्ड' म्हणावे. साहेब कानाला हेडफोन लावून कधी बसलेले नाहीत, त्यामुळे त्यांना सगळंच सोपं वाटतं. 'प्लीज होल्ड' म्हटलं की माणसाला वाटतं, आता गाणं लागणार आणि ही बया चहाला जाणार. 'वेट' म्हटलं की तो घड्याळ बघतो आणि किती वेळ ते विचारतो. 'होल्ड ऑन' काय, 'हँग ऑन' काय, दोन्ही चिमूटभर वेळाची बोलणी. ती बोलून अर्धा तास लावलात तर शिव्या खा. त्यातल्या त्यात 'स्टे' मला बरं वाटायचं, त्यात घड्याळ नाही. पण आवाज जरा चढला की त्याचा हुकूम होतो.

यावरून समोरच्या टेबलावरच्या कवीशी माझी रोज जुंपायची. कवी म्हणजे तो कविता करतो असं नव्हे; दार घासतंय एवढं सांगायलाही दोन पानं लिहितो, म्हणून कवी. त्याचं म्हणणं, "ताई, शब्द कुठलाही घ्या हो, माणूस शेवटी आवाजाला थांबतो." मी म्हणायची, "तू तुझं महाकाव्य लिही."

त्या दुपारी गावाच्या वरच्या भागात वीज गेली. आमच्या खोलीत दिवे चालू होते, पण समोरच्या पडद्यावर एकापाठोपाठ एक लाल ठिपके उमटायला लागले. वीज गेली की हे ठरलेलं. कवीनं चार फोन उरकले, मी तीन. सगळे आपलेच लोक, सगळे चिडलेले, पण शहाणे. त्यानंतर एका सहा मजली इमारतीतून घंटी आली आणि मी बोलायच्या आधीच पलीकडून एक बाई इंग्रजीत बोलायला लागली.

तिचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, मोठेपणी शिकलेलं, शब्द मोजून टाकलेले. तिनं जे सांगितलं ते मी मराठीतच सांगते. थांबण्याचे शब्द तेवढे तसेच ठेवते, कारण सगळी भानगड त्यांचीच आहे.

ती आणि तिचे वडील चौथ्या मजल्यावर राहायचे. दवाखान्यात निघाले होते. ती लिफ्टमध्ये शिरली, वडील मागे वळले, कुलूप ओढून बघायला. तेवढ्यात दार मिटलं, लिफ्ट खाली निघाली आणि वीज गेली. आता ती चौथ्या आणि तिसऱ्याच्या मधे लटकली होती. तिनं दोन्ही दारं हातानं सरकवली होती. चौथ्या मजल्याची फरशी तिच्या छातीशी आली होती आणि वरती कमरेइतकी मोकळी जागा होती.

"मला त्यांचे बूट दिसतायत," ती म्हणाली. "त्यांना विसरायला होतं. त्यांना एकटं सोडायचं नसतं. मी वर चढते."

त्या इमारतीची लिफ्ट मला ठाऊक होती. जुनी आहे. वीज परत आली की ती आधी हळूहळू खालच्या मजल्याकडे सरकते. दार उघडं असताना सरकू नये, तशी सोय असते. पण तिच्या दाराचं बटण सैल झालंय अशी तक्रार आमच्याकडे आलेली होती आणि त्याचं काम अजून व्हायचं होतं. म्हणजे ही बाई पोटावर पडून त्या जागेतून बाहेर निघाली असती आणि त्याच क्षणी वीज आली असती, तर डब्याचं छप्पर तिच्या पाठीवर उतरलं असतं. आणि वीज कधी येईल ते कुणाच्या बापाला माहीत नव्हतं.

"प्लीज वेट," मी म्हणाले.

"किती वेळ?"

आलंच ते. मी कवीकडे बघून लिफ्टचा नंबर बोटांनी दाखवला. तो लगेच लंबूला फोन लावायला लागला. लंबू आमचा त्या भागातला मेकॅनिक. कवीनं फोनवर ऐकलं आणि हाताचा पंजा आडवा हलवला, म्हणजे लंबू दूर होता. दुसऱ्या इमारतीत, एका लिफ्टच्या टपावर.

"माणूस निघालाय," मी तिला म्हणाले. हे खोटं होतं, पण फार थोडं खोटं होतं. "तुम्ही दारापासून मागे व्हा. होल्ड ऑन. मी आहे इथे."

"मी एवढा वेळ थांबू कशी?" ती म्हणाली. "ते चालायला लागले की थांबत नाहीत. त्यांना हळू चालताच येत नाही. खाली मोठा रस्ता आहे."

मग तिनं तोंड वर केलं असावं, कारण आवाज माझ्यापासून दूर गेला. आमच्या कामात कान तयार होतो. लिफ्टमधला माईक बटणांच्या खाली असतो. माणूस बटणांशी असला की आवाज भरीव येतो, दाराकडे गेला की पोकळ. तिचा आवाज पोकळ झाला. ती आपल्या भाषेत ओरडत होती, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. ती भाषा मला येत नाही. पण तो शब्द 'थांबा' होता हे कळायला भाषा लागत नाही. मी दिवसभर दुसरं काय म्हणत असते!

वरून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. घाबरलेला. तिनं पुन्हा ओरडून काही सांगितलं. मग ती माझ्याकडे परतली आणि धापा टाकत म्हणाली, "त्यांना मी दिसत नाहीये. जमिनीतून आवाज येतोय म्हणून ते घाबरलेत. ते जिन्याकडे वळले. मला जाऊ द्या."

"स्टे," मी म्हणाले. "स्टे इनसाइड. प्लीज."

आवाज चढला होता माझा. चढणारच. आणि व्हायचं तेच झालं.

"मी कुत्रं आहे का?" ती किंचाळली. "स्टे, स्टे! सकाळपासून मी त्यांना हेच सांगतेय, इथे बसा, तिथे थांबा. आता तुम्ही मला तेच सांगताय. तुमचे वडील असते तर तुम्ही थांबला असतात?"

आम्हाला शिकवलंय की आतल्या माणसाशी वाद घालायचा नाही, स्वतःचं काही सांगायचं नाही. पण मला राग आला होता. तिचा नव्हे. सैल बटणाचा, लंबूच्या लांब असण्याचा, माझ्या तोंडात खडे भरणाऱ्या त्या भाषेचा. आणि प्रश्न तिनं अगदी नेमका विचारला होता.

"नाही," मी म्हणाले. "मी नसते थांबले. मी वर चढले असते."

कवीनं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं आणि कानावरचा फोन खाली घेतला.

"मी चढले असते," मी म्हणाले, "आणि मी मूर्ख ठरले असते. ऐका. वीज आली की ही लिफ्ट खाली जाते. तुम्ही मधे असलात तर ती थांबणार नाही. मग तुमच्या वडिलांकडे बघायला या शहरात कोण आहे?"



"कोणी नाही," ती म्हणाली.

"मग तुम्ही चढायचं नाही."

"पण ते जातायत! पावलं ऐकू येतायत मला. ते पायऱ्या उतरतायत. तुमचा माणूस येईपर्यंत ते खाली रस्त्यावर..." ती इंग्रजी सोडून आपल्या भाषेत रडली. रडण्याचेही शब्द असतात, ते मला कळले नाहीत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःची चीड आली, कारण रडून तिला काय उपयोग?

कवी उठून माझ्या टेबलाशी आला. "ताई, इमारतीच्या सेक्रेटरीचा फोन लागत नाही. रखवालदार आहे पण तो पाण्याच्या टाकीवर गेलाय म्हणे. सगळे कामावर. लंबू निघालाय, तिथे अडकलेल्या दोघांना सांगून आलाय की बसून राहा."

"खालच्या दुकानाचा नंबर मिळतो का बघ. कुणीही. म्हाताऱ्या माणसाला दारात अडवा म्हणावं."

"कसं ओळखायचं?"

"म्हातारा आहे आणि भरभर चालतो!" मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा गेला.

पुन्हा तिचा आवाज पोकळ झाला, आणि या वेळी त्याबरोबर आणखी एक आवाज आला. कापड दगडावर घासल्यासारखा. तिनं कोपरं वरच्या फरशीवर टेकली होती. आता ती उडी मारणार. माझ्याजवळ शब्द उरला नव्हता. साहेबांचा नव्हता, माझाही नव्हता. 'वेट' झालं, 'होल्ड ऑन' झालं, 'स्टे' झालं. एखाद्याला मागे ओढायला आपल्याजवळ हात नसतो, नुसतं तोंड असतं, आणि त्या तोंडातून काय काढावं ते सुचत नाही, ही आमच्या कामातली सगळ्यात वाईट वेळ.

"ते तुमचं काय ऐकतात?" मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिला बोलतं ठेवायचं होतं, एवढंच. "तुम्ही काय म्हटलं की ते थांबतात?"

"काहीच ऐकत नाहीत!"

"पूर्वी? ते बरे होते तेव्हा? भरभर चालायचे म्हणालात ना. कधीतरी थांबत असतील की."

घासण्याचा आवाज बंद झाला.

मी टेबलाची कड धरून बसले होते. मग तिनं हाक मारली. आधीचा तो शब्द नव्हता. तीन-चार शब्दांची हाक होती, आणि आवाज तिचा राहिलाच नव्हता. बारीक झाला होता, शेवटाला ओढलेला, थोडा रडका, थोडा लाडावलेला. पोरं मारतात तशी. शाळेचं दप्तर पाठीवर, चप्पल निसटलेली, आणि मोठं माणूस पुढे चाललंय. मीही मारलीय तसली हाक. कोण नाही मारत!

तिनं ती पुन्हा मारली. आणि आणखी एकदा.

"पावलं थांबली," ती कुजबुजली.

"बोला त्यांच्याशी," मी पण कुजबुजले. ही गंमत बघा, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि तो म्हातारा माझा आवाज ऐकेल म्हणून कुजबुजत होते.

जिन्यातून त्यांनी काहीतरी विचारलं. तिनं त्याच बारीक आवाजात उत्तर दिलं. त्यांचा आवाज आता वेगळा होता. भीती नव्हती. जरा वैतागलेला, जरा हसरा.

"बसले," ती म्हणाली. "पायरीवर बसले वाटतं. काठी ठेवल्याचा आवाज आला."

"काय म्हणालात त्यांना?"

तिनं मनातल्या मनात इंग्रजी जुळवलं असावं, कारण जरा वेळ गेला. "वेट फॉर मी," ती म्हणाली. "शाळा सुटली की ते न्यायला यायचे. आणि पुढेच चालत सुटायचे. मी मागून ओरडायची. बाबा, माझ्यासाठी थांबा. मग ते बसायचे कट्ट्यावर, आणि म्हणायचे, ये तुझ्या सवडीनं."

वेट फॉर मी. इतकी वर्षं मी इंग्रजीतले थांबण्याचे शब्द घासूनपुसून बघत होते आणि हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. माझे सगळे शब्द माणसाला अडवायचे होते. यात अडवणं नव्हतंच, यात ती येणार होती.

"मग तुम्हीही बसा," मी म्हणाले. "ते बसलेत ना? तुम्ही खाली बसा. कोपऱ्यात, बटणांच्या खाली, माझ्याजवळ. आणि बोलत राहा त्यांच्याशी."

"बसते," ती म्हणाली. आवाज भरीव झाला. ती बटणांपाशी आली होती. ती आपल्या भाषेत वडिलांना काहीबाही सांगत होती, ते वरून हुंकार देत होते. एकदा ते हसलेसुद्धा. कवीनं मला पाण्याचा पेला आणून दिला आणि मी तो घटाघटा प्यायले.

आणि वीज आली.

पडद्यावर एका रांगेतले लाल ठिपके भराभर हिरवे झाले. तिचा नाही झाला. माझ्या कानात खट् आवाज आला, मग घरघर, मग लोखंड लोखंडावर आदळल्याचा असा मोठा धडाका, की मी हेडफोन ओढून काढला. पुन्हा लावला तर काही नाही. ना तिचा आवाज, ना म्हाताऱ्याचा.

"हॅलो? हॅलो! ऐकू येतंय?"

मी इंग्रजीत विचारत होते की मराठीत, देव जाणे. नंतर कवी म्हणाला, तुम्ही 'अगं बोल गं बाई, बोल' असं ओरडत होतात. असेनही. माझ्या डोळ्यांपुढे ती कमरेइतकी मोकळी जागा होती आणि त्यात काय आहे ते मला दिसत नव्हतं. ती पुन्हा उठली असेल का? वडिलांनी हाक मारली म्हणून? काठी पडली म्हणून? माणसाला उठायला कारण काय लागतं!

"मी आहे," ती म्हणाली.

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला.

"मी बसलेय. लिफ्ट खाली सरकली आणि मधेच अडकली." ती म्हणाली. "वर आता हाताच्या पंजाएवढीच फट आहे. नुसता पंजा जाईल. माझं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. कोपरं टेकून ती जिथे ओणवली होती, तिथे आता छप्पर आलं होतं. तिला ते दिसत होतं आणि मला दिसायची गरज नव्हती.

"उठू नका," मी म्हणाले.

"नाही उठत."

मग आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मी तिथून हलले नाही. दुसरे फोन कवीनं घेतले. अधूनमधून ती वडिलांना ती बारीक हाक मारायची, वरून उत्तर यायचं, आणि ती मला नुसतं "आहेत" म्हणायची. एकदा तिनं मला विचारलं, तुमचे वडील आहेत का. मी म्हटलं, नाहीत. ती 'सॉरी' म्हणाली. मी म्हटलं, तेही भरभर चालायचे. हे मात्र साफ खोटं. आमचे वडील चार पावलांवर ओळखीचं माणूस शोधून गप्पा मारत उभे राहायचे. पण त्या वेळी मला तसं म्हणावंसं वाटलं.

लंबू पोचला तो पायऱ्या तीन-तीन चढत. आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन त्यानं मुख्य स्विच बंद केला, हे मला त्यानं फोनवर सांगितलं, आणि मी तिला सांगितलं. मग हातानं चाक फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत वर आणली. त्याला खूप वेळ लागला. फरशीला फरशी लागली तेव्हा त्यानं दार पुरतं उघडलं आणि मला त्याचा आवाज डब्यातूनच ऐकू आला, "या, या बाई, सावकाश."

ती बाहेर पडली. मला 'थँक यू' म्हणाली की नाही, ते आठवत नाही. पावलं वाजली, ती धावली. नियमाप्रमाणे माणूस बाहेर आला की फोन बंद करायचा असतो. माझा हात बटणावर होता. मला एकदा फक्त बाप-लेकीची भेट ऐकायची होती. एवढं मिळवलं होतं मी त्या दुपारी, असं मला वाटत होतं.

जिन्याकडून तिचा आवाज आला, मोकळा, मोठ्या बाईचा. मग त्यांचा. मग पुन्हा तिचा, आणि तो मधेच तुटला.

लंबूनं परत डब्यात येऊन माईकशी तोंड आणलं. उंच माणूस, त्याला कमरेत वाकावं लागलं असणार. "ताई, आहात का?"

"आहे. काय झालं? पडले का ते?"

"छे, छे, ठणठणीत आहेत. पायरीवर बसलेत. पण उठत नाहीत." त्यानं आवाज खाली आणला. "ती हात धरतेय तर हात काढून घेतात. मला म्हणतात, या बाईंना सांगा मला ओढू नका. म्हणजे तसं हातवाऱ्यांनी सांगतात. मग तिनंच मला सांगितलं ते काय म्हणतायत ते."

"काय म्हणतायत?"

"माझी मुलगी मागून येतेय म्हणतात. लहान आहे. तिनं थांबायला सांगितलंय."

मी हेडफोनवर हात धरून बसले, जणू ते बाहेर कुणाला ऐकू जाईल. तिला वाचवायला मी जे शोधून काढलं होतं, ते तिच्यावरच असं उलटलं होतं. तिनं लहान आवाजात हाक मारली होती, आणि ते त्या लहान मुलीसाठी थांबले होते. ही पन्नाशीकडे झुकलेली, कोपरं खरचटलेली, केस विस्कटलेली बाई कोण, हे त्यांना कुठून कळावं?

"आता ती काय करतेय?" मी विचारलं.

"तीपण बसली," लंबू म्हणाला. "त्यांच्या शेजारी, पायरीवर. ते जरा सरकले, तिला जागा दिली. तिनं त्यांना काहीतरी विचारलं, ते जिन्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवतायत. ती तिकडे बघतेय." मग म्हणाला, "ताई, मला परत त्या आधीच्या इमारतीत जायचंय. दोघं अडकलेत तिथे. मी इथे काय करू?"

समोर पडद्यावर अजून तीन लाल ठिपके होते. कवी हातवारे करून घाई कर म्हणत होता.

"तिला विचार," मी म्हणाले, "तुमच्यासोबत कुणी बसायला हवंय का."

त्यानं जाऊन विचारलं. परत आला तेव्हा तो डब्यात शिरला नाही, दारातूनच बोलला, त्यामुळे आवाज पोकळ आला.

"नको म्हणाली. तुम्हाला सांगायला सांगितलंय." त्याला इंग्रजी वाक्य तसंच्या तसं सांगता येईना, म्हणून त्यानं ते आपल्या शब्दांत सांगितलं. "म्हणाली, बाईंना सांगा, मी थांबतेय. ती मुलगी येईपर्यंत थांबते त्यांच्याबरोबर."